एका माणसाची सीट

"थांब, दाबून पाहू दे," असं म्हणून तिनं दुकानदाराच्या हातातलं चामडं ओढून घेतलं आणि त्यावर अंगठा रेटला. दुर्गच्या बाजारातली गोष्ट. माझ्या फटफटीच्या सीटवरचं जुनं चामडं तडकलं होतं, म्हणून आम्ही नवरा-बायको नवं घ्यायला गेलो होतो. दुकानदार वैतागला. "बाई, ये टमाटर नहीं है."

"टमाटर असतं तर तुले इचारलंच नसतं," ही म्हणाली, आणि दुसरा तुकडा दाबायला घेतला. शेवटी तंबाखूच्या रंगाचा एक पसंत पडला. घरी येऊन आम्ही वांग्याची भाजी आणि भाकर खाल्ली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं साधं काम. दुसऱ्या दिवशी सुटी होती; दुपारी नळावर पाणी भरता भरता ती खाली बसली, आणि डॉक्टर येईपर्यंत संपली.

मी रडगाणं गाणार नाही. ती कशी होती तेवढं सांगतो.

अंगठ्याची सवय तिला कामावरून लागली. भिलाईचा कारखाना तेव्हा उभा होत होता. मी लोखंड उचलणाऱ्या गँगचा मुकादम आणि ती रेजा, म्हणजे मजूर बाई. कोक ओव्हनच्या भट्ट्यांत आतून ज्या विटा लागतात, त्यांच्यासाठीची माती कालवणाऱ्या बायांत ती होती. माती बरोबर कालवली की नाही ते ती अंगठा खुपसून सांगायची, आणि तिनं मान हलवल्याशिवाय कोणतीही बाई घमेलं उचलत नसे.

एकदा वर क्रेनकडे पाहत पाहत मी बुटासकट त्या मातीत शिरलो.

"ओ मुकादम! डोळे काय क्रेनले टांगून ठेवले?"

सगळ्या बाया फिदीफिदी हसल्या. मी आयुष्यात कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं. तिचं ऐकून घेतलं. तिचा पहिला नवरा भंडाऱ्याकडे गावीच वारला होता. माझं लग्न राहून गेलं होतं आणि केस पिकायला लागले होते. वर्षभरात आमचा पाट लागला. तरी ती मला शेवटपर्यंत मुकादमच म्हणत राहिली. पोळी वाढतानाही, "मुकादम, अजून एक?"

मग मी साइटवरच्या मचाणावरून पडलो. डावा खुबा मोडला. दवाखान्यात मला पलंगाला बांधून ठेवलं होतं. ही भेटायला आली, आधी माझ्याकडे नाही, गादीकडे पाहिलं. दाबली, आणि नर्सबाईला म्हणाली, "बाई, याच्यात तर गोटे हायेत." संध्याकाळी गादी बदलली.

खुबा जुळला, पण वाकडा जुळला. आम्ही राहायचो त्या कँपातून मजूर ट्रकनं साइटवर जात, आणि मला ट्रकवर चढता येईना. सायकलचं पायडल मारता येईना. उरली फटफटी. लढाईतली जुनी गाडी, एका ठेकेदाराचा माणूस गाव सोडून जाताना मी घेतली होती. तिच्यावर बसता येत होतं, पण तिची मूळची सीट अशी की नाक्यापर्यंत जाईतो पाय लाकडासारखा व्हायचा.

साहेब माणूस चांगला होता. त्यानं सरळ सांगितलं, "महिना संपायच्या आत आपल्या आपण साइटवर येऊ लागलास तर गँग तुझी. नाही तर स्टोअरच्या खिडकीत बस." खिडकीत बसून लोकांना नटबोल्ट देणं म्हणजे मला जिवंत पुरणं. हे मी कोणाला बोललो नाही. तिला बोलायची गरज पडली नाही.

सीट नवी बनवायची ठरली. कँपातल्या दोस्तांनी एकच धोशा लावला, "दोघांची लांब सीट टाक. बायकोला मागं बसव, थाटात फिर." तेव्हा तशा सीटची नवलाई होती, आणि मलाही हौस होती. ती भाकर थापत होती. थापता थापताच म्हणाली, "लांब सीट सपाट असते. तुमचं बूड सपाट हाये काय आता?"

दोस्त हसले. मी चिडलो. "मग तू कुठं बसशील?"

"कॅरिअरवर गोधडी टाकून बसीन. सीट एका माणसाची, अन् तो माणूस तुमी. त्यात मले कावून घुसवता?"

दुर्ग स्टेशनाजवळ टांग्याच्या घोड्यांचं सामान शिवणारा एक म्हातारा कारागीर होता. त्यानं मला चालवून पाहिलं, बसवून पाहिलं, आणि फीत गुंडाळून ठेवली. "नाप से नहीं होगा. बैठक का साँचा लाओ, उसी पे पत्रा ठोकूँगा."

साचा कशाचा करायचा, हे हिला कोणी सांगायला नको होतं. तिनं उथळ पेटीत भट्टीची माती भरली, घट्ट कालवलेली, वर ओलं पोतं. सीट काढून तिथं पेटी बांधली. मी चढून बसलो, हँडल धरलं, पाठ ताठ केली. ठसा उमटला, वाळला, म्हाताऱ्यानं त्यावरून सीट केली. देखणी सीट. आणि पहिल्याच दिवशी मला दोघांनी धरून गाडीवरून उतरवलं.

मी म्हाताऱ्याला शिव्या दिल्या. ती त्या सीटकडे पाहत बसली, तिच्या दोन्ही बाजूंवरून हात फिरवला.

"मुकादम, तुमी खोटे बसले."

"म्हणजे?"

"दोन्ही बाजू सारख्या आल्या. हा ठसा त्या मुकादमाचा हाये, जो अजून पडलाच नाही."

तुम्ही असे लोक पाहिले असतील. पडल्यापासून मी चारचौघांत बसतच नव्हतो. लग्न असो, मयत असो, भिंतीला टेकून उभा. बसलो तर पाय एकीकडे पडायचा, अंग दुसरीकडे झुकायचं, ते कोणी पाहू नये म्हणून. हे फक्त तिला माहीत होतं.

महिना संपायला थोडेच दिवस उरले होते. तिनं पुन्हा पेटी भरली. मी म्हटलं, या वेळी बरोबर बसतो. बसलो, आणि पाठ आपोआप ताठ झाली. हिनं ते पाहिलं. शेजारीण दारात उभी होती, तिच्याशीच गप्पा सुरू केल्या.

"तुले सांगते वहिनी, आमच्या मुकादमले आधी हूकसुद्धा लावता येत नोता. क्रेनवाला शिव्या देऊन राहिला, अन् हे उभे, तोंड उघडं टाकून."

"कोण म्हणतो?" मी म्हटलं.

"अख्खी साइट म्हणते. एक गर्डर तर उलटंच चढवलं होतं."

"उलटं? अवं, ते माझ्या गँगचं नव्हतं! ते पलीकडच्या गँगचं!"

"असं तुमीच म्हणता. रशियन साहेब तर डोकं धरून बसला होता."

मग माझं डोकं सटकलं. कोणतं गर्डर, कोणती गँग, इशारा कोण देत होता, सगळं मी हात नाचवून ओरडून सांगितलं. शेजारणीनं पदर तोंडात कोंबला होता. मी पुढं वाकलो, मूठ आपटली, खुबा सरकून त्याच्या मनाच्या जागी गेला, आणि मला त्याचा पत्ताच नाही.

"झालं," ती म्हणाली. "उठा आता, हळू."

मी उठलो. मातीत एक खड्डा खोल, एक उथळ, आणि पाय जिथं पडायचा तिथं एक तिरपा उतार. बघवत नव्हतं. तिनं कडेला अंगठा दाबला आणि मान हलवली, कामावर हलवायची तशीच. "हे तुमी हाये. याच्यावर बसा."

ती सीट दिसायला कुरूप होती. गाडी उभी केली की लोक विचारत, "ही वाकडी कावून?" पण महिना संपायच्या आत मी साइटवर पोचलो, आणि गँग मला परत मिळाली. पुढं आम्ही रोज बरोबर कामावर जायचो. ती मागं कॅरिअरवर, एका हातात डबा, दुसऱ्या हातानं माझा शर्ट धरलेला. खड्डा आला की मागून आवाज, "मुकादम, खड्डा दिसून राहिला काय, का तुमच्या भरवशावर मी मरू?" सीट झाली, पाय दुखायचा थांबला, तरी चारचौघांत मात्र मी उभाच राहत होतो. त्यावरून ती कधी बोलली नाही.

तिला शिवनाथ नदीच्या काठी नेलं त्या संध्याकाळीही मी उभाच होतो. लोक बस म्हणत होते, मी बसलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फटफटी काढली. सुतकात घर सोडू नये असं शेजारी म्हणाले, पण तिच्या बायांना कोणी कळवलं नव्हतं. माती कालवायच्या शेडपाशी मी गाडी थांबवली. बायांनी आधी माझ्या मागं पाहिलं.

"मुकादम, बाई नाही आली?"

मी सांगितलं. एकीच्या हातातलं घमेलं खाली आलं. मग एकेक करून सगळ्या जमिनीवर बसल्या, आणि एकीनं सिमेंटचं रिकामं पोतं झटकून मधे टाकलं. पलीकडे माझी सगळी गँग उभी राहून पाहत होती, साहेबही होता. मी गाडीवरून उतरलो आणि त्या पोत्यावर बसलो. अंग एकीकडे झुकलं, पाय जसा पडतो तसा पडू दिला.