वही दाराबाहेर जात नाही

"हात दाखव," हे त्यांचं रोजचं पहिलं वाक्य. मी दोन्ही तळवे पुढे करायचो. ते चष्मा कपाळावर सरकवून नखांपर्यंत बघायचे आणि म्हणायचे, "परत धू. खळ लागलीय."

मी बाइंडर. फणसवाडीत वडिलांपासूनचं आमचं दुकान आहे. गिऱ्हाईक वही आणून देतं, मी शिवून परत करतो. दादरजवळच्या एका चर्चचं काम मात्र तसं नव्हतं. तिथल्या जुन्या रजिस्टरांच्या शिवणी सुटल्या होत्या, पण ऑफिसातले हे म्हातारे क्लार्क म्हणाले, "वही दाराबाहेर जात नाही. चर्चचा कायदा आहे. तू तुझं दुकान इकडे आण." मग सुया, दोरा, खळीचा डबा आणि लाकडी दाबयंत्र टॅक्सीत घालून मी तिकडे गेलो. पुढे बरीच वर्षं, वर्षातून दोनदा, महिना-महिनाभर, त्यांच्या टेबलासमोर बसून शिवण घालत राहिलो.

सगळे त्यांना अंकल म्हणायचे. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन, अशा तीन प्रकारच्या वह्या त्यांच्या ताब्यात होत्या. कपाटाची एक किल्ली फादरांकडे, दुसरी यांच्या कमरेला. मी शिवायला बसलो की ते उघड्या पानावर कोरा कागद ठेवायचे. "तू दोरा बघ. नावं वाचू नको."

तुमच्याही ओळखीत असा एखादा कारकून असेल, ज्याच्यावर सगळे चिडतात आणि ज्याच्यावाचून कुणाचं चालत नाही. एकदा एक गृहस्थ परदेशी जाण्यासाठी आजोबांच्या नावातलं एक अक्षर बदलून घ्यायला आले. सोबत मिठाईचा पुडा. अंकलनी पुडा त्यांच्याच हातात परत दिला आणि सांगितलं, "लिहिलेली ओळ खोडत नाही. पुरावा आणा, फादर सही करतील, मी बाजूच्या समासात लिहीन. आजोबांची चूक आजोबांपाशी राहील." तो माणूस गेल्यावर मला म्हणाले, "पेढे बरे दिसत होते रे."

एका दुपारी चाळिशी ओलांडलेली एक बाई आली. मराठी, प्रभादेवीला राहणारी, कपाळावर टिकली. उभ्यानेच बोलायला लागली. तिच्या आईने जायच्या आधी सांगितलं होतं, की तिला तान्ही असताना दत्तक घेतलं, आणि त्याआधी या चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला होता.

"मला फक्त नाव बघायचंय काका. जिने जन्म दिला तिचं."

अंकलनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि अर्ज लिहून घेतला. ती गेल्यावर त्यांनी वही काढली, एक पान बघितलं आणि मिटून ठेवली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पंधरा दिवसांनी ती परत आली. अंकल म्हणाले, "ज्यांचं नाव आहे, त्यांची परवानगी नाही. त्या असेपर्यंत मला दाखवता येत नाही."

तिने कपाटाकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे आहे ती."

अंकलनी नजर खाली घातली. त्यांच्या तोंडून जास्त निघून गेलं होतं.

त्यानंतर ती दर रविवारी चर्चला यायला लागली. मागच्या बाकावर बसायची आणि म्हाताऱ्या बायकांचे चेहरे बघायची. हे मला अंकलनीच सांगितलं. "तिची जन्मदाती तिसऱ्या रांगेत असते, काठी टेकत येते. मी घरी जाऊन विचारलं होतं. मुलं आहेत, नातवंडं आहेत, कुणाला माहीत नाही. हात जोडून म्हणाली, मी असेपर्यंत नको." मग म्हणाले, "काल या पोरीने नकळत तिलाच हात देऊन पायऱ्या उतरवल्या. मी खिडकीत होतो."

"मग सांगून टाका ना," मी म्हटलं.

"कुणाला? एकीचं ऐकलं तर दुसरीचा घात."

दीड वर्षाने ती म्हातारी वारली. दफनाची नोंद अंकलनी नेहमीच्या गोल अक्षरात केली, पण लिहून झाल्यावरही टाक हातातच धरून बसले. पुढे फादरांनी बिशपांच्या ऑफिसातून परवानगीचं पत्र मागवलं, ते आलं, आणि बाईंना बोलावणं गेलं.

मी त्या दिवशी तिथेच होतो. उठून जायला लागलो तर ती म्हणाली, "बसा, काही हरकत नाही." अंकलनी वही उघडली. या वेळी पानावर कोरा कागद नव्हता. तिने ओळीवर बोट ठेवून वाचलं, दोनदा वाचलं.

"काठीवाल्या आजी?"

अंकलनी मान डोलावली.

"मी त्यांचा हात धरला होता. तुम्ही बघितलं होतं?"

"होय."

ती रडेल असं मला वाटलं. पण तिने शांतपणे पर्स उचलली आणि गेली. अंकल म्हणाले, "चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

मग ते फार दिवस कामावर राहिले नाहीत. अक्षर हलायला लागलं, आणि हलत्या अक्षरात नोंद करायची नाही म्हणून त्यांनी स्वतःच किल्ली फादरांकडे दिली. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी, आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात तेव्हा, ते शिवडीच्या कब्रस्तानात जायचे. गुडघे धरले होते, म्हणून एक वर्ष मी सोबत गेलो. ती बाई लांब एका कबरीपाशी उभी होती. अंकल एका झाडाच्या आडोशाला थांबले. ती गेटबाहेर पडेपर्यंत हलले नाहीत.

पुढच्या नोव्हेंबरात मी एकटाच गेलो. झेंडूची फुलं वाहून निघालो, तर वाटेत ती समोर आली.

"तुम्ही बाइंडर ना? काका दिसले नाहीत या वर्षी."

"तुम्हाला दिसायचे?"

"दर वर्षी. त्या झाडामागे."

मी तिला त्यांची जागा दाखवली. नुसती माती होती, दगड अजून बसवायचा होता. ती बघत राहिली.

"त्यांचं नाव काय होतं?"

मी सांगितलं. तिने ते हळूच म्हणून पाहिलं, एका अक्षराशी अडखळली, परत म्हटलं. मग गेटापाशी बसलेल्या मेणबत्तीवालीकडे चालत गेली.