पिवळा दोरा

लाखनीत हायवेच्या कडेला गाड्यांना टेप, स्पीकर बसवणारा एक माणूस आहे. दहा वर्षं मी त्याच्याकडेच जातो. कोणाचीही गाडी उघडली की तो आधी सुस्कारा टाकतो आणि मग विचारतो, "कोन्या गाढवानं जोडलं हे?" ऐकून ऐकून मला त्या प्रश्नाचा कंटाळा आला आहे. स्वतः जोडलेल्या प्रत्येक तारेला मात्र तो ओळखीसाठी पिवळा दोरा बांधतो.

परवा माझे स्पीकर इंजिनासोबत किंचाळायला लागले. भर उन्हात तो सीटखाली शिरला.

"पत्र्याचा रंग खरवडल्याबिगरच अर्थिंगची तार कसून देल्ली! आवाज नाही येईन त काय होईन? कोन्या गाढवानं..."

तो मध्येच थांबला. त्या तारेला पिवळा दोरा होता. मी हायवेवरचे ट्रक बघत उभा राहिलो.

"मीच आहो तो," आतून आवाज आला. "ध्यानच नाही राहत आजकाल."

मग त्यानं गाडीतल्या सगळ्या तारा, चांगल्या होत्या त्यासुद्धा, सोडवल्या आणि एकेक करून नव्यानं जोडल्या. दोरा मात्र एकीलाही बांधला नाही.