माणशी एक

उभ्या सांगली जिल्ह्यात फुकट वाटलेल्या वस्तूसाठी एवढा जीव टाकणारा माणूस आमच्या दाजींशिवाय दुसरा झालेला नाही. दाजी म्हणजे माझ्या चुलत बहिणीचे, आक्काचे यजमान. मूळचे कुंडलचे, पण मिसरूड फुटल्यापासून सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालवतात. म्हणजे शेतकऱ्याची हळद व्यापाऱ्याला विकून द्यायची आणि दोघांच्याही शिव्या खायच्या. जन्मभर हळकुंडं मोडून मोडून त्यांची बोटं कायमची पिवळी झाली आहेत. कुणाच्याही लग्नाला गेलं की लोक ह्यांनाच नवरदेव समजतील म्हणून मी जवळ बसते, असं आक्का म्हणायची.

अशा माणसाला साठीच्या घरात जपानी कार्डांचा नाद लागला. जपानात लहान-थोर सगळे चित्रांची कार्डं जमवतात आणि एकमेकांत बदलतात. त्यांतली काही कार्डं दुकानात विकतच मिळत नाहीत. नवं दुकान उघडलं, मासिकाचा खास अंक निघाला, कुठं मेळा भरला, की जाहिरात म्हणून ती फुकट वाटतात. एकदा तिकडून हळद बघायला एक खरेदीदार यार्डात आला होता. दाजींनी त्याला गूळ-पाणी दिलं, तर त्यानं जाताना असलंच एक कार्ड दोन्ही हातांनी त्यांच्या पुढं धरलं. त्यावर एक गुबगुबीत पिवळा कोल्हा छत्री घेऊन उभा होता. त्या शनिवारी मी इस्लामपूरहून सांगलीला गेलो, तर चपला काढायच्या आधीच दाजींनी ते माझ्या नाकासमोर नाचवलं.

‘‘मेव्हणं, ह्यो रंग बघा. राजापुरी हळकुंड मोडलं की आत दिसतो, त्योच न्हवं? त्या लोकास्नी कसा गावला असंल?’’

ह्या कोल्ह्याचा अख्खा संच आहे, वेगवेगळ्या ठिकाणी वाटलेला, एवढं मी मोबाईलवर बघून सांगितलं आणि दाजींचा पाय खोलात गेला. फुकट मिळालेली ही कार्डं तिकडचे लोक पुढं मोबाईलवर लिलावानं विकतात, पण परदेशात माल पाठवत नाहीत. तिथल्या तिथं माल उतरवून घेऊन आपल्याकडं धाडणारा मधला माणूस धरावा लागतो. हे मी त्यांना चांगलं दोन चहा होईस्तोवर समजावत होतो.

‘‘म्हंजी अडत्या!’’ दाजी ओरडले. ‘‘मग सरळ तसं बोला की. माझाच धंदा मला शिकवाय लागलाय व्हय?’’ आणि लगेच आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘त्याच्यावर नजर ठेवा मातर. अडत्याचा भरवसा नसतो. मी सोता हाय न्हवं.’’

लिलावात बोली लावायची वेळ आली तेव्हा वेगळीच अडचण उभी राहिली. दाजी वाढले ते रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवण्याच्या काळात. ह्या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही, ही त्यांची शिस्त. इथं तर जो तो आपला आकडा उघड्यावर मांडून बसलेला. ‘‘लाजा न्हाईत लोकास्नी,’’ असं म्हणून त्यांनी मोबाईलवर रुमाल टाकला आणि मला त्याच्याखाली हात घालून बोली लावायला सांगितली. मला दिसत काही नव्हतं. हव्या त्या कोल्ह्याऐवजी आम्ही एक बेडूक जिंकला.

पुढं खरोखरचा कोल्हा आला तेव्हा दाजींच्या हाताला जन्माची सवय नडली. हळकुंड वाळलं की नाही हे ते मोडताना होणाऱ्या आवाजावर ठरतं. दाजींनी पाकिटातून कार्ड काढलं, कानाशी धरलं आणि कोपरा वाकवला. ‘‘वाजंना. वलं हाय,’’ त्यांनी निकाल दिला. त्या कोल्ह्याचा एक कान अजून दुमडलेला आहे आणि त्याच्या पोटावर पिवळा अंगठा उमटलेला आहे. असल्या कार्डावर एक ओरखडाही चालत नाही हे कळल्यावर मात्र माणूस पार बदलला. दोनदा साबणानं हात धुवायचे, रुमालानं कडा धरायच्या आणि कार्ड पारदर्शक कव्हरात सरकवेपर्यंत श्वास घ्यायचा नाही. त्यांच्या गल्लीत कृष्णेचं पाणी शिरलं त्या वर्षी लोक टीव्ही आणि धान्य माडीवर चढवत होते, आणि आमचे दाजी गुडघाभर पाण्यातून कार्डांचा अल्बम डोक्यावर घेऊन निघाले होते. मागनं आक्का ओरडत होती, ‘‘आवं, गॅसची टाकी ऱ्हायली! ती कोल्ही काय भाकरी थापणार हायती व्हय?’’

होता होता संचातला एकच कोल्हा राहिला, हातात कंदील घेतलेला. तो जपानातल्या एका डोंगरी गावात, एका खेळण्यांच्या दुकानातच द्यायचे. स्वतः आलेल्याला, माणशी एक.

‘‘माणशी एक,’’ दाजी तोंडात घोळवून म्हणाले. ‘‘म्हंजी आमाला दोन. मी न् तुमची आक्का.’’

‘‘दाजी, अडत्याकडून तेही मिळेल की.’’

‘‘न्हाई. हे अडत्याकडनं घ्यायचं न्हाई. जाऊन घ्यायचं.’’

हेही त्यांचं एक खूळ म्हणून आम्ही सोडून दिलं. पण दाजींनी दोघांचे पासपोर्ट काढले. चौकशीला आलेल्या हवालदारानं विचारलं, जपानला कशासाठी? दाजींनी खरं ते सांगितलं. हवालदारानं अल्बम शेवटपर्यंत बघितला, चहा संपवला आणि कागदावर ‘पर्यटन’ लिहून तो निघून गेला. मग दाजींनी आक्काला पांढरे बूट आणले, चढावर चालायला. साडीवर ते घालून ती सोप्यात इकडून तिकडं एकदा चालली आणि हसून हसून खाली बसली. आक्काचं जग म्हणजे कुंडल, सांगली आणि फार तर माझं इस्लामपूर. तिला घेऊन जायचं म्हणून ह्या माणसानं एका कोल्ह्याचं निमित्त धरलं होतं. नुसतं ‘चल, फिरून येऊ’ म्हणायची त्यांना लाज वाटत होती. हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही, आक्काच्या तर नाहीच.

आणि जाणं होत नव्हतं. हळदीची आवक सुरू झाली की दाजी म्हणायचे, ‘‘एवढा हंगाम हुंदे.’’ हंगाम झाला की पाऊस, पाऊस ओसरला की कुणाचं तरी लग्न. तोवर आक्काचे गुडघे बोलायला लागले. एकदा दाजी दुकानात असताना तिनं मला जवळ बसवलं. ‘‘माझ्यानं काय त्यो डोंगूर चढवत न्हाई रं. ह्येंचं एका कार्डापायी अडून बसलंय. तू मागव गुपचूप. दसऱ्याला देती त्यास्नी.’’ मी मागवलं. इतकी खूश झालेली आक्का मी फार वर्षांत पाहिली नव्हती.

खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारं-अवजारं पुजतात. दाजींच्या घरी पाटावर वजनकाटा, पोती शिवायचा दाभण, आक्काची विळी आणि कात्री मांडलेली असते. त्या वर्षी ह्या सगळ्यांच्या मधोमध कंदीलवाला कोल्हा ठेवला होता. आणि घरात आलेल्या नव्या वस्तूला जे करतात तेच आक्कानं त्यालाही केलं होतं. बोट पाण्यात बुडवून हळद-कुंकू लावलं होतं. कार्ड कव्हरातून बाहेर काढलं होतं, कारण प्लॅस्टिकवरून हळद लावली तर ती पोचते कुणाला?

दाजी आंघोळ करून आले, पाटासमोर उभे राहिले आणि बघतच राहिले. आक्का पदर तोंडाला लावून हसू दाबत होती.

‘‘कुणी सांगितलं हुतं तुला?’’ दाजी म्हणाले. ‘‘वाटोळं केलंस सगळं.’’

आक्कानं कार्डाकडं पाहिलं. मग खाली वाकून पदराच्या टोकानं ती हळद पुसायला लागली. ती पुसली जाईना, पसरत गेली आणि कुंकवात मिसळून अख्ख्या कोल्ह्यावर चढली. ‘‘माज्या ध्येनातच आलं न्हाई,’’ एवढंच ती म्हणाली. मग ती पुरणपोळ्या लाटायला उठली. दाजींना एवढा राग एका डागाचा यावा, ह्याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

संक्रांतीच्या आधी आक्का गेली. सकाळी चहा ठेवायला उठली ती ओट्यापाशीच बसली, दवाखाना गाठायलाही सवड मिळाली नाही. हळदी-कुंकवाला वाटायच्या वाट्या तिनं आणून ठेवल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

दाजींनी पुढं एकही कार्ड मागवलं नाही. जपानचा अडत्या अजून अधूनमधून निरोप धाडतो, मी त्याला काहीबाही कळवतो. मागच्या शनिवारी गेलो तेव्हा दाजी सोप्यात बसले होते. खुर्चीखाली ते पांढरे बूट होते, पुसून ठेवलेले. मी धीर करून म्हणालो, ‘‘दाजी, पासपोर्टची मुदत अजून आहे. जाऊन या. सोबतीला मी येतो.’’

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून रुमाल काढला. रुमालात ते कार्ड होतं, कव्हराशिवाय, लाल-पिवळं माखलेलं. उघड्या बोटांनीच धरलं होतं त्यांनी.

‘‘डागासाठी न्हाई बोललो मी तिला, मेव्हणं. कार्ड घरातच आलं, आता जायाचं कशाला, असं व्हऊन बसलं. म्हणून वाटोळं म्हणालो. ती मातर डागच पुसत बसली.’’

‘‘मग तिला सांगायचं होतं, दाजी.’’

‘‘सांगणार हुतो. म्हटलं, हंगाम हुंदे, निवांत सांगू.’’

बाहेर कुणाची तरी मोटरसायकल बराच वेळ चालू होत नव्हती. ती चालू होऊन निघून गेली. दाजींनी कार्ड पुन्हा रुमालात गुंडाळलं.

‘‘आन् आता जाऊन काय करू गड्या?’’ ते म्हणाले. ‘‘तिथं माणशी एक देत्यात. मला एकच मिळंल.’’