संकष्टीचा चंद्र आणि लपणारा तारा

आधी संकष्टीचं सांगते, म्हणजे पुढची गंमत कळेल.

आमच्या सासूबाईंचा नियम कडक. चंद्र दिसल्याशिवाय पान वाढायचं नाही. आता बदलापुरात पावसाळ्याचे चार महिने समोरची बिल्डिंग दिसायची मारामार, तिथे चंद्र कुठून आणायचा? त्यात त्यांना पित्ताचा त्रास. साडेनऊ वाजले की डोकं धरून बसायच्या, पण हट्ट सोडायच्या नाहीत. जिने चढवत नसत म्हणून बघायला मला पाठवायच्या. एकदा गेले, दोनदा गेले. तिसऱ्यांदा गच्चीवर नुसती उभी राहिले, मनात शंभरपर्यंत आकडे मोजले आणि खाली येऊन सांगितलं, "दिसला! ढगातून एवढासा कोपरा दिसला." सासूबाईंनी हात जोडले आणि मोदक तोंडात टाकला.

मग काय, तेच चालू झालं. बेलवलीतली आमची सगळी बिल्डिंग माझ्यावर विसंबायला लागली. मी जिना उतरत असले की दारं उघडायची. "काकू, दिसला का?" "दिसला, दिसला. जेवा." चार मजले कुकर उघडल्याचे आवाज. पाप लागलं असेल तर लागो, पण माझ्यामुळे कुणाचं पित्त वाढलं नाही.

सासूबाई गेल्या, पण माझी गच्ची सुटली नाही. चंद्र बघता बघता बाजूचं एकेक दिसायला लागलं. फोनवर बघून रोहिणी ओळखली, मृग ओळखला, मघा ओळखली. मी शाळेत नववीपर्यंतच गेलेली, पण आकाशाला कुठे दाखला लागतो? अंबरनाथच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारी मुलगी आहे, ती मैदानावर लोकांना दुर्बिणीतून शनी दाखवायची. मी तिच्या मागेच लागले. तिनंच मला एक दुर्बीण घ्यायला लावली, दोन डोळ्यांची, स्टँडवर बसणारी. आमचे हे म्हणाले, "या वयात लोक गुडघ्याचे पट्टे घेतात." मी म्हटलं, तेही घेतलेत.

गेल्या हिवाळ्यात त्या मुलीचा फोन आला. "काकू, एक लघुग्रह एका लांबच्या ताऱ्यासमोरून जाणार आहे. कल्याणपासून कर्जतपर्यंत पसरेल एवढा दगड, पण इतका लांब की आपल्याला दिसणार नाही. तारा मात्र दोन-तीन सेकंद लपेल. दगडाची सावली आपल्या अंगावरूनच जाणार म्हणा ना. वेगवेगळ्या ठिकाणाहून कुणाला किती सेकंद लपलेला दिसला, ते जुळवलं की दगडाचं माप निघतं."

"म्हणजे ब्लाउजचंच की गं," मी म्हटलं. "तीन ठिकाणी टेप लावायची."

ती खूप हसली. म्हणाली, "अगदी तसंच. अंबरनाथला मी लावते, बदलापूरला तुम्ही लावा. उल्हासनगरला कोणी आहे का?"

आता उल्हासनगरला माझं कोण असणार? विहीणबाई! माझी मुलगी सिंध्यांच्या घरात दिलीय. तिच्या सासूबाई मला 'अदी' म्हणतात, म्हणजे ताई. बाई मोठी प्रेमळ, पण हार म्हणून जायची नाही. मी लग्नात पाच प्रकारचे लाडू केले, तर तिनं सात प्रकारची मिठाई आणली. जावयानं हौसेनं आणलेली एक दुर्बीण त्यांच्या गच्चीवर धूळ खात होती. मी फोन केला.

"अदी, तारा छुपेगा तो मला काय करायचं?"

"दर सेकंदाला टिक करणारं घड्याळ एका फोनवर लावायचं, दुसऱ्या फोनवर आवाज रेकॉर्ड करायचा. तारा लपला की एक आवाज काढायचा, परत आला की दुसरा."

"बस? मैं तो चिल्लाऊँगी. माझा आवाज शहाडपर्यंत जातो."

"मी थाळी वाजवणार," मी म्हटलं. "तोंडाचा भरवसा नाही. आणि नीट बघा हं. तुम्हाला सवय नाही, मी शिकवते सगळं."

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. पण बोलून गेले. आणि पुढे तीन संध्याकाळी फोनवर शिकवलंही, अगदी मास्तरणीच्या थाटात. रोहिणीच्या ताऱ्याखाली तीन बारीक ताऱ्यांचा त्रिकोण, त्यातला डावीकडचा आपला. "सापडला का? नाही? अहो, पुन्हा बघा."

अंबरनाथच्या त्या मुलीनं मला आधीच सांगितलं होतं, "काकू, तुमचं घर सावलीच्या अगदी कडेला येतंय. तारा कदाचित लपणारही नाही." मी हो हो म्हटलं. लग्नपत्रिकेत 'आहेर आणू नये' लिहिलेलं असतं, ते आपण जसं वाचतो, तसं ऐकलं.

तो दिवस आला. आकाश स्वच्छ. पावणेनऊची वेळ. आठलाच मी स्वेटर घालून खुर्चीत, मांडीवर स्टीलची थाळी, हातात पळी. हे बाजूला फोन धरून उभे. खालून कुणीतरी विचारलं, "काकू, आज कुठली चतुर्थी?" मी दुर्बिणीवरून डोळे काढले नाहीत. तारा दुर्बिणीत स्थिर होता, मोहरीच्या दाण्याएवढा.

टिक, टिक, टिक. यांनी वेळ सांगितली, "एक मिनिट राहिलं." मी श्वाससुद्धा जपून घेत होते. पापणी हलवायची नाही म्हणून डोळ्यांत पाणी आलं. टिक, टिक. ठरलेला सेकंद आला. तारा आपला तिथेच. टिक. "जा की रे बाबा," मी पुटपुटले. तारा ढिम्म. आणि खरं सांगते, हात कधी उठला मला कळलं नाही. टण्! मग घाईघाईनं दुसऱ्यांदा, टण्!

तारा होता तिथेच होता.

पळी खाली ठेवते तोच विहीणबाईंचा निरोप वाजला. "अदी! गया! पूरा गया! मी एवढी ओरडले की खालचा इस्त्रीवाला वर आला! फिर आया!" लगेच अंबरनाथहून त्या मुलीचा फोन. "काकू, माझ्याकडे दोन सेकंद! उल्हासनगरला जवळजवळ तीन! तुमच्याकडे दिसलं?"

"दिसलं तर," मी म्हटलं. "लपला आणि आला."

"काय सांगता! म्हणजे दगड आपल्या अंदाजापेक्षा मोठा आहे. काकू, ही तर मोठीच गोष्ट झाली. रेकॉर्डिंग पाठवा, सकाळी मी तिन्ही ठिकाणांचं एकत्र करून पुढे शास्त्रज्ञांकडे पाठवते."

घरी येऊन भात वाढला. यांनी फोन लावून रेकॉर्डिंग ऐकायला सुरुवात केली. टिक, टिक, टिक, मग माझा आवाज, "जा की रे बाबा", मग टण्, टण्. यांनी माझ्याकडे बघितलं.

"लपल्यावर 'जा' म्हणालीस, की लपायच्या आधी?"

मग यांनी लोणच्याची फोड घेतली आणि अगदी सहज म्हणाले, "आईच्या संकष्टीला पण असंच ना?"

"तुम्हाला काय माहीत?"

"अगं, डोक्यापासून पायापर्यंत भिजून खाली यायचीस आणि चंद्र दिसला म्हणायचीस. आईला काय कळत नव्हतं? भूक लागलेली असायची तिला, म्हणून विचारायची नाही."

इतकी वर्षं मला वाटत होतं, मी फार हुशार. मला हसूही आलं आणि रडूही आलं. पण सासूबाईंचा मोदक निराळा. तो खाऊन संपला, कुणाचं काही बिघडलं नाही. हा दगड तर माझ्या थाळीमुळे उगाच चार-सहा मैल लांब होणार होता, आणि ती पोर सकाळी तो तसाच पुढे पाठवणार होती. पण खरं कबूल करायचं म्हणजे विहीणबाईंसमोर हरणं. इस्त्रीवाल्यापर्यंत गोष्ट गेलेली!

ताटावरून उठले, हात धुतले आणि फोन लावला.

"हं काकू, पाठवताय ना?"

"नाही गं. तारा लपलाच नाही माझ्याकडे. मी थाळी उगीच वाजवली."

मला वाटलं, आता ही मला कधी बोलावणार नाही.

"उगीच?" ती म्हणाली.

"सवय लागलीय गं," आणि मी तिला चंद्राचं सगळं सांगितलं. मोदकापासून. ती हसलीच नाही आधी. मग म्हणाली, "काकू, आठवून सांगा. त्या सबंध मिनिटात तुमची नजर हलली नाही?"

"पापणीसुद्धा नाही. डोळे अजून चुरचुरताहेत."

"आणि तारा सगळा वेळ दिसत होता?"

"मोहरीएवढा. एकदाही गेला नाही."

"मग मी तेच लिहिते. बदलापूर, तारा लपला नाही. टेप कुठे संपते ते कुणीतरी सांगायला हवं होतं ना. अंबरनाथ आणि तुमच्यामध्येच कुठेतरी कड आहे. तुमच्या थाळीनं तर ब्लाउज सैल झाला असता." तेव्हा हसली एकदाची. मग जरा गंभीर होऊन म्हणाली, "पुढच्या वेळी थाळी काकांकडे द्या पण."

विहीणबाईंना मी स्वतःच सांगितलं. त्या म्हणाल्या, "कोई बात नहीं अदी, मी शिकवते तुम्हाला." माझंच वाक्य, माझ्याच तोंडावर. वर संक्रांतीच्या तिळगुळाला त्यांनी त्या इस्त्रीवाल्यासमोर पुन्हा सगळी गोष्ट सांगितली, ओरडण्यासकट. ऐकून घेतलं. काय करणार.

या पावसाळ्यातली संकष्टी आली. मी छत्री घेऊन गच्चीवर गेले. वर नुसता काळा ढग. शंभरपर्यंत मोजायची गरज नव्हती, तरी थोडी थांबले आणि उतरले. चौथ्या मजल्यावर दार उघडलं.

"काकू, दिसला का?"

"नाही दिसला."

खाली तिसऱ्या मजल्यावरचंही दार उघडलं. वरची बाई हळूच म्हणाली, "म्हणजे? मग आता?"

"कॅलेंडरातली वेळ होऊन वीस मिनिटं झाली," मी छत्री झटकत म्हटलं. "पानं वाढा."