संपतदाजींचा पत्रा

संपतदाजी कुठलीही वस्तू आधी तळहातावर तोलायचे. रविवारी माळावर मटणाचा रस्सा करायला निघायचं ठरलं की त्यांच्या उचगावच्या घरापुढच्या कट्ट्यावर सगळ्यांचं सामान मांडलं जायचं. मग दाजी एकेक वस्तू उचलणार, हातात वरखाली करणार आणि विचारणार, "हे न्हाय नेलं तर काय अडतंय?" उत्तराला तोंड उघडेपर्यंत ती वस्तू घरात परत गेलेली असायची. माझी घडीची खुर्ची अशीच गेली. मी भांडले, तर म्हणाले, "ताई, एवढी जमीन पडलीया की बसाय."

मंगल, त्यांची बायको, माझी शेजारीण. सख्ख्या बहिणीसारखी, म्हणून हे माझे दाजी. दाजींचं लोखंडकामाचं, लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप होतं. माणूस बोलायला फटकळ, पण रश्श्याचं पहिलं ताट कायम दुसऱ्याच्या हातात देणार. आम्ही चार घरं मिळून हिवाळ्यातले रविवार कुठल्या ना कुठल्या माळावर काढायचो. पूर्वी तीन दगड मांडून चूल पेटायची. आता जंगलाच्या कडेला जाळ करू देत नाहीत, म्हणून ते छोटे गॅसचे स्टोव्ह आले. खाली गॅसचा डबा, त्याच्याच डोक्यावर फिरवून बसवलेला बर्नर. सुटसुटीत काम. भय एकच, डबा तापला तर फुटतो. तसं डब्यावर चित्र काढून सांगितलेलंही असतं. चित्रं कोण बघतो म्हणा!

या स्टोव्हचं सामान विकणाऱ्या दुकानात दाजींना घेऊन जाणं म्हणजे दुकानदाराची परीक्षाच. त्याने एकदा अंडी न्यायचा प्लॅस्टिकचा डबा दाखवला. दाजी म्हणाले, "अंड्याला सोताचं घर कशाला? भाकरीच्या पिठात पुरून न्यायची, एक फुटत न्हाय." घडीचा टोस्टर दाखवला, घडीचा चमचा दाखवला. दाजी नुसते बघत राहिले. शेवटी गॅसचा डबा कलंडू नये म्हणून त्याच्या बुडाला लावायचे तीन पाय तेवढे त्यांनी घेतले. सांडशी, लायटर आणि एक धारेची सुरी घरचीच. बाहेर स्वयंपाक करायला याहून जास्त लागत नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकले आणि ते खरंच आहे. मी आजही कुणाला विचारलं तर तेच सांगते.

पण वारा! आमच्या माळावर वारा सुटला की ज्योत आडवी व्हायची आणि मटण तासन्‌तास कच्चं. बाजारात त्यासाठी घडीचा आडोसा मिळतो, एका बाजूने उघडा असलेला. दाजींना तो पटला नाही. "फट ठिवायची म्हंजे वाऱ्याला आवतान द्यायचं," म्हणाले, आणि वर्कशॉपमध्ये पत्र्याचं गोल कडं करून आणलं. जमिनीपासून पातेल्याच्या बुडापर्यंत, चोहोबाजूंनी बंद. वरून आमचं रुंद पातेलं बसलं की आत काय चाललंय ते दिसायचंसुद्धा नाही. ज्योत हलायची नाही. पहिल्या रविवारी रस्सा असा झटक्यात उकळला की सगळ्यांनी वाहवा केली. मग काय, ज्याने मागितलं त्याला दाजींनी कडं करून दिलं. पैसा कुणाचा घेतला नाही.

एकटी मंगल खूश नव्हती. तिने डब्यावरचं चित्र नीट बघितलं होतं. आच कोंडते, पातेलं ती खाली ढकलते आणि डबा नेमका तिच्यातच बसलाय, हे तिला न शिकवता कळलं. ती दर थोड्या वेळाने कडं उचलायला लावायची आणि डब्याला हात लावून बघायची. दाजी चिडवायचे, "आमची मंगल डब्याला ताप बघती." आम्ही हसायचो. तिने मग दुकानातून दुसरा स्टोव्ह आणला. त्याला लांब नळी होती, बर्नर इकडे आणि डबा हातभर लांब. दाजींनी तोही तोलला आणि तोच प्रश्न विचारला.

मंगल म्हणाली, "काय अडतंय ते अडल्यावरच कळंल तुमाला."

तो स्टोव्ह घरातल्या माळ्यावर जाऊन पडला. मला तेव्हा वाईट वाटलं, पण नवराबायकोच्या मधे कोण पडणार! चमचा नसला तर ते आपल्याला पहिल्याच घासाला कळतं. जी वस्तू घात टाळायला असते, तिच्यावाचून वर्षभर काही अडत नाही. दाजींच्या हिशेबात एवढंच बसत नव्हतं.

त्या रविवारी मंगल बहिणीकडे गडमुडशिंगीला गेली होती. तिच्या घरी बारसं होतं. जाताना मला बजावून गेली, "डब्याला हात लावून बघ गं. ते न्हाय बघायचे." राधानगरीच्या पुढच्या माळावर आम्ही उतरलो तेव्हा वारा असा होता की पदर डोक्यावर राहीना. दाजींनी स्टोव्ह लावला, भोवती कडं बसवलं, वर पातेलं चढवलं. मटण नेहमीपेक्षा जास्त होतं, पातेलंही मोठं आणलं होतं. मी दोनदा म्हटलं, कडं काढा, बघू द्या. दाजी म्हणाले, आता एवढं भरलेलं पातेलं उतरवून परत चढवायचं का, उकळी आलीच बघा. तिसऱ्यांदा मी ओरडलेच. लोकांनी माझीच चेष्टा केली, मंगल आली नाही तरी तिचा हात आलाय म्हणाले.

मग आवाज बदलला. स्टोव्हची फुरफुर होती तिची घरघर झाली. आम्हाला कुणाला ते कळलं नाही, पण लेथवर हयात घालवलेल्या माणसाला मशीनचा आवाज कळतो. दाजींचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, "समदी उठा. त्या दगडामागं जावा. आत्ता."

कुणी उठेना. सगळ्यांना थट्टा वाटली. मी मात्र त्यांच्याकडे बघितलं आणि हाताला लागेल त्याला ओढत निघाले. मागे वळले तेव्हा दाजी सांडशीने तो तापलेला पत्रा धरून ओढत होते. गॅस बंद करायची चावी पत्र्याच्या आत होती. पातेल्याच्या वजनाने पत्रा निघत नव्हता. मी हाक मारली, सोडा म्हटलं. त्यांनी सोडला नाही. आम्ही अजून दगडापर्यंत पोचलो नव्हतो, म्हणून सोडला नाही, असं मला आजही वाटतं.

स्फोट फार मोठा नव्हता. टायर फुटल्यासारखा. पण दाजी त्याच्यावर वाकलेले होते. दवाखान्यात त्यांनी आठवडा काढला, आणि गेले. तोवर शुद्ध यायची तेव्हा एकच बोलायचे, "मंगल, ते समदे पत्रे गोळा कर."

दिवसकार्य झालं आणि मंगल दारोदार निघाली. मी सोबत होते. कडी कुणाकुणाला दिली हे तिला साधारण ठाऊक होतं. बहुतेकांनी मुकाट्याने काढून दिली. आमच्यातल्याच एकाने मात्र धरून ठेवलं, म्हणाला, "वैनी, दादाची आठवण हाय, राहू दे की." मंगल त्याच्या उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "आठवण पायजे तर त्यांचा फोटू देते. ह्यो पत्रा दे." त्याने दिलं. सगळी कडी तिने घरापुढच्या कट्ट्यावर हातोडीने चेपून सपाट केली.

मग कुणाला तरी आठवलं. मागच्या हिवाळ्यात राधानगरीच्या धरणाकडे एक कुटुंब गाडी थांबवून चहा करत होतं. सीमेकडची माणसं असावीत, बोलण्यात कानडी शब्द होते, बरोबर दोन लहान पोरं. वाऱ्याने त्यांचा चहा उकळेना. दाजी उठून गेले आणि स्वतःचं कडं त्यांना देऊन आले. "घ्या पावणं, माज्याकडं पत्रा पडलाय ढीगभर." नाव नाही, गाव नाही.

तेव्हापासून मंगल धरणाच्या वाटेला कुणी स्टोव्ह मांडून बसलेलं दिसलं की गाडी थांबवते. उतरते, त्यांच्याजवळ जाते, वाकून बघते. लोक तिला वेडी समजतात. एकदा एका बाईने तर हाकलून दिलं.

दाजींनी कडं दिलेली ती कानडी बोलणारी माणसं त्या दिवशी निघताना काय बोलली ते मी ऐकलं होतं. त्यांनी त्या पत्र्याचा चारी बाजूंनी फोटो काढला होता, आणि दाजींना नमस्कार करून म्हणाली होती, गावातल्या सगळ्यांना असंच करून देतो. हे मी मंगलला अजून सांगितलेलं नाही.