सकाळचे हात

माझं दुखणं सकाळी असायचं आणि डॉक्टर दुपारी भेटायचे. दोघांची एकदा गाठ घालून द्यावी एवढंच माझं मागणं होतं, आणि काही वर्षं खटपट करूनही ते मला जमलं नाही.

सकाळी उठले की बोटं आखडलेली असायची. मूठ वळत नसे आणि वळलीच तर उघडत नसे. नळ मनगटाने फिरवायचा, कप दोन्ही तळहातांत धरायचा, पोलक्याचे हूक लावायला मुलीला हाक मारायची. मी कर्नाटकातल्या आळंदच्या एका मराठी शाळेत शिकवते. पहिल्या तासाला खडू धरता येत नसे म्हणून मी वर्गाला कविता म्हणायला लावायची. बाईंना कवितांचं भारी वेड आहे, अशी माझी शाळेत ख्याती झाली. ऊन चढलं की मात्र बोटं हळूहळू सुटायची, आणि बाराच्या सुमाराला मी चारचौघींसारखी होऊन जायची.

डॉक्टर कलबुर्गीला. सकाळची बस धरायची, नंबर लावायचा, बाकावर बसून राहायचं. आत बोलावणं येईपर्यंत जेवणवेळ टळलेली असे. डॉक्टर म्हणायचे, मूठ वळा. मी वळायची. उघडा. उघडायची. तपासणी संपली. मग ते आमच्या ह्यांच्याकडे बघून कन्नडमधून विचारायचे, "काय सावकार, आता कसं आहे?" हे तुरीचे आडते. अख्ख्या बाजाराशी हुज्जत घालणारा माणूस, पण डॉक्टरांपुढं हात जोडून उभा. "बरं हाय की, तुमच्या कृपेनं," असं कन्नडमधून सांगून मोकळे. हात माझे आणि उत्तर ह्यांचं.

बाहेर आल्यावर मी भांडायची. "बरं हाय कामून म्हणलात?"

"एवढा मोठा माणूस. तोंडावर न्हाई म्हणलं तर त्येला काय वाटंल?"

डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून मी दुखणं सोसत राहायचं, असा ह्यांचा सरळ विचार होता.

मी स्वतः सांगितलं नाही असं नाही. कन्नडमधून सांगितलं, हिंदीतून सांगितलं. आमच्या भागात भाषेवाचून कुणाचं अडत नाही. सकाळी हात चालत नाहीत, म्हटलं. डॉक्टर रक्ताचे रिपोर्ट चाळत म्हणाले, "यात तर काही नाही. वय होतं तसं दुखतं. बायका मनाला फार लावून घेतात." मुलीने एकदा सकाळी माझ्या हातांचा फोनवर व्हिडिओ काढून दिला. त्यात एक हात दिसत होता आणि तो हलत नव्हता. न हलणाऱ्या हाताचा व्हिडिओ साध्या फोटोसारखाच दिसतो. डॉक्टरांनी तोही पाहिला नाही. मोबाइल आत ठेवा, म्हणाले.

माझं माहेर राजेश्वर गावचं. आईला हेच दुखणं होतं. तिची बोटं वाकून करंगळीच्या बाजूला कलंडली होती. शेवटी शेवटी ती चमच्याने भात खायची, आणि कुणी बघतंय असं वाटलं की ताट सरकवून द्यायची. मला दुखण्याची भीती नव्हती, मला त्या वाकण्याची भीती होती. एकदा वाकलेलं बोट परत सरळ होत नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याच्या आत औषध बदलून मिळायला हवं होतं. आणि माझे सकाळचे हात डोळ्यांनी पाहिल्याशिवाय डॉक्टर औषध बदलणार नव्हते.

म्हणून मी ठरवलं, हात सकाळीच दाखवायचे. माझ्या थोरल्या नणंदबाई कलबुर्गीत दवाखान्याच्या जवळच राहतात. त्यांना सगळे अक्का म्हणतात. आदल्या दिवशी त्यांच्याकडे मुक्कामाला जायचं, ह्यांनी पहाटे जाऊन पहिला नंबर लावायचा, आणि डॉक्टर खुर्चीत बसले रे बसले की आखडलेले हात त्यांच्या टेबलावर ठेवायचे. झोपताना मी दुखण्याची गोळीसुद्धा घेतली नाही.

सकाळी जाग आली तेव्हा हात इतके आखडले होते की मला आनंदच झाला. ठणका कोपरापर्यंत चढला होता आणि मी मनात म्हणत होते, आज सापडलात. हे नंबर लावायला गेले होते. अक्का चहा घेऊन आल्या. मी कप घ्यायला गेले आणि तो हातातून निसटून सगळा चहा सतरंजीवर सांडला.

"अगं बया! हात बघू," अक्का म्हणाल्या. "किती सुजलेत गं! कामून बोलली न्हाईस?"

"असू द्या अक्का. आज डॉक्टरला असंच दाखवायचंय."

"असंच? हात म्हंजी काय बिघडलेला मिक्सर हाय का, हाय तसा दुकानात न्यायला? बस गप."

त्यांनी पातेल्यात कढत पाणी आणलं, मीठ टाकलं, आणि माझी दोन्ही मनगटं धरून हात आत बुडवले. मी मागे ओढायला बघत होते, पण आखडलेल्या हातांत जोर कुठून येणार? शिवाय मी नको म्हणत होते, हात नको म्हणत नव्हते. मग अक्कांनी तेल कोमट केलं आणि एकेक बोट मुळापासून टोकापर्यंत चोळायला घेतलं. आई गेल्यापासून माझे हात असे कुणी मांडीवर घेतले नव्हते. मला रडू फुटलं.

"बरं वाटायलंय न्हवं?" अक्कांनी विचारलं.

खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. एकेक बोट सुटत होतं आणि डॉक्टरांना दाखवायचं दुखणं हातातून निसटत होतं.

पहिलाच नंबर. डॉक्टर म्हणाले, मूठ वळा. मूठ वळली. उघडा. उघडली. त्यांचा चेहरा असा खुलला, जणू पोटच्या पोराचा पहिला नंबर आलाय. "बघा सावकार! सकाळच्या वेळेलासुद्धा हात मोकळे. औषध लागू पडलं. हेच चालू ठेवायचं."

"डॉक्टर, हे गरम पाण्यानं झालंय," मी म्हणाले. "तासाभरापूर्वी बघायला पायजे होतं. कपसुद्धा धरता येत नव्हता."

"मग रोज गरम पाणी घ्या की," ते हसून म्हणाले आणि घंटी वाजवली. बाकावरचे पुढचे आजोबा उठून माझ्या खुर्चीपाशी येऊन उभेही राहिले.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "रोज गरम पाणी घे म्हणलेत बघ."

राग कुणावर काढावा तेच कळेना. डॉक्टर मनापासून खूश झाले होते. अक्कांनी तर माया केली होती. ह्यांनी माझ्यासाठी पहाटे उठून नंबर लावला होता. सगळे चांगलेच वागले होते, आणि माझं मात्र कुणी ऐकलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून आळंद येईपर्यंत रडत राहिले. त्यानंतर मी सांगणंच सोडलं. जायची, मूठ वळून दाखवायची, त्याच गोळ्या घेऊन यायची. पुढं पुढं मूठ अर्धीच वळायला लागली. डॉक्टर म्हणायचे, थोडा व्यायाम वाढवा.

मुलगी सोलापूरला नोकरीला लागली, तिनं मागच्या वर्षी मला तिथल्या दवाखान्यात ओढत नेलं. हेही होते. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मी खुर्चीत टेकायच्या आतच त्यांची नजर माझ्या हातांवर गेली. आईसारखीच करंगळीकडे कलंडलेली माझी बोटं त्यांनी अलगद हातात घेतली. ह्यांच्याकडे न बघता, मलाच विचारलं, "सकाळी उठल्यावर फार आखडतात का हो? आणि ऊन चढलं की मोकळी होतात?"

इतकी वर्षं हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी झुरत होते. भिंतीवरच्या घड्याळात दुपार टळून गेली होती. मी सवयीने ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती.

"आधी व्हायची," मी म्हणाले. "आता सकाळ-दुपार सारखंच हाय."