निझव्यातला टँकर आणि माझ्या दोन बादल्या

गेल्या उन्हाळ्यात चौसाळ्याला दूध सोसायटीत चिटणिसाची जागा रिकामी झाली आणि आमच्या ह्यांनी ठरवलं, बसूला परत आणायचं. बसू आमचा एकुलता एक, ओमानात निझवा गावी एसी दुरुस्तीचं काम करतो. "फोनवर ऐकायचं न्हाई ते. तू जा अन् घेऊनच ये," हे म्हणाले. किराणा दुकान सोडून त्यांना हलता येत नव्हतं, म्हणून विमान फक्त आभाळात पाहिलेली मी निघाले.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ऐका: खसखस नेऊ नका. तिकडे ती अफूच्याच हिशोबात धरतात. बसूनं बजावलं, तेव्हा केलेले डिंकाचे लाडू शेजारी वाटले आणि बिनखसखशीचे नवे वळले. औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. साडी चालते, बाह्या मात्र लांब शिवा. रात्रीच्या गाडीनं मुंबई, तिथून विमानानं मस्कत, पुढे बसूच्या गाडीतून दीडेक तास.

वाटेत डोंगरांवर गवताचं पातं नाही, आणि रस्त्याकडेला फुलं! आपला दुष्काळ तिथं बारमाही, तरी कोणी त्याचं नाव काढत नाही. शुक्रवारी सुट्टी, रविवारी कामं, दुपारी दुकानं बंद. आज वार कोणता तेच मला उमगेना. जेवणाची चिंता नको. केरळी हॉटेलात डोसा, सांबार-भात मिळतो.

एका सकाळी गल्लीत निळा टँकर शिरला. बसू कामावर. मी पदर खोचला, दोन बादल्या घेतल्या आणि धावले. रांगेत कोणीच नाही. ड्रायव्हर माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. तिथं टँकर ज्यानं बोलावला त्याच्याच टाकीत रिकामा होतो, हे मला कोण सांगणार?

शेजारच्या उम्म सालिमनं, म्हणजे सालिमच्या आईनं, हे पाहिलं. तिकडे बाईला थोरल्या लेकाच्या नावानं हाक मारतात. तिला वाटलं, आमच्या घरचं पाणी संपलं. तिनं बादल्या भरून दिल्या आणि मोडक्या हिंदीत बोलत मला घरात नेलं. खजूर आले, मग वेलदोड्याची बिनसाखरेची कॉफी. नको म्हणणं बरं दिसत नाही म्हणून मी पीत राहिले, ती ओतत राहिली. पुरे झालं की रिकामा कप हलवायचा असतो, हे पोट डब्ब झाल्यावर कळलं.

त्या संध्याकाळी सोसायटीचा विषय काढायचाच, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. बसू भांडी घासत होता. नळ धो धो सोडलेला, आणि हा माझ्याकडे तोंड करून दिवसभराचं काहीबाही सांगतोय. तांब्याभर पाण्यात अंघोळ उरकणारं हे पोर! मी ओरडायला तोंड उघडलं आणि तशीच राहिले.

"कावून गप झालीस, आई?" त्यानं विचारलं.

पाणी जाईल ही भीतीच त्याच्या अंगातून गेली होती. मला फार बरं वाटलं आणि रडूही आलं. कशाचं, ते कळेना. परत निघेपर्यंत मी तो विषय काढला नाही.

चौसाळ्याला उतरले तेव्हा हे माझ्यामागे कोणी उतरतंय का बघत उभे होते. घरी येऊन चहाचा कप हातात घेतला. मग म्हणाले, "काय म्हणाला?"

"म्या इचारलंच न्हाई."

लोक विचारतात, तिकडून काय आणलंस. मी खजूर देते. बरं केलं की वाईट, माझं मलाच अजून कळत नाही. ह्यांनी तेव्हा कप खाली ठेवला. मग उठले, आणि बसूसाठी चुना मारून घेतलेल्या वरच्या खोलीत दुकानातली साखरेची पोती नेऊन ठेवायला लागले.